मुलगा झोपल्यावर गुपचूप इंजेक्शन देतेय, चुकतंय का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि नाव-गाव वगळून:

"मावशी, माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा आहे, चौथीत. उंची ११३ सेंमी, वजन २१ किलो. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिला. गेल्या अख्ख्या वर्षात जेमतेम साडेतीन सेंमी वाढला म्हणून पुण्याला हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्ताच्या तपासण्या, हाताचा एक्सरे, एमआरआय सगळं झालं आणि ग्रोथ हॉर्मोन कमी पडतंय असं निघालं. रोज रात्री पेनने इंजेक्शन, तेही काही वर्षं. सुरू करून महिना झाला. पहिल्या आठवड्यात ओळखीचे कंपाउंडर यायचे, आता मीच देते. तो खूप आरडाओरडा करतो म्हणून जावेने सुचवलं की झोपल्यावर दे, कळत नाही. त्याला आम्ही ताकदीचं इंजेक्शन एवढंच सांगितलंय. आता तो झोपतच नाही, साडेअकरा-बारा वाजतात. मिस्टर शिफ्टला असतात. सासूबाई म्हणतात, हॉर्मोन टोचून पोराचं वाटोळं कराल, याचा बाप पण दहावीनंतरच वाढला होता. मागच्या आठवड्यात एक दिवस राहिलं, दुसऱ्या दिवशी डबल द्यावं का कळेना. लाईट गेली की फ्रीजकडेच लक्ष. पुढच्या महिन्यात गावच्या जत्रेला पाच दिवस जायचंय. कधी कधी वाटतं आत्ता सोडून द्यावं, समज आली की मोठेपणी सुरू करू. काय करू?"

मावशी म्हणालीस, तर एकेरीवरच येते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. लहान मुलांच्या वॉर्डात आणि नंतर ओपीडीत सिस्टर म्हणून नोकरी झाली, त्यातला बराच काळ आईबापांना इन्शुलिनची आणि ही वाढीची इंजेक्शनं द्यायला शिकवण्यात गेला. म्हणजे डोस किती आणि किती वर्षं हे तुझे डॉक्टर ठरवतील, मी बोलणार आहे ते रात्रीच्या जेवणानंतर तुमच्या घरात जे काही चालतं त्याबद्दल.

तुझ्या पत्रात प्रश्न भरपूर आहेत पण मला त्यातलं एकच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, ते म्हणजे तो झोपत नाहीये. बाकी फ्रीज, जत्रा, सासूबाई हे सगळं सुटण्यासारखं आहे गं. पण ज्या पोराला माहितीये की डोळा लागला की आपल्याला कोणीतरी टोचणार, ते पोर झोपेल कसं? तू म्हणतेस कळत नाही. त्याला पहिल्या-दुसऱ्या दिवशीच कळलेलं असणार, सकाळी मांडीवर लाल ठिपका दिसतो, आणि एकदा का अर्धवट झोपेत जाग आली की संपलं. तुझ्या जावेचं मी वाईट म्हणत नाही, हा सल्ला मी खूप घरांत ऐकलाय आणि अगदी दोन-तीन वर्षांच्या पोराला कधी कधी तसं द्यावंही लागतं. पण साडेनऊ वर्षांच्या मुलाला नाही. आणि यात गंमत बघ, हे इंजेक्शन रात्री का देतात? कारण आपलं शरीर ग्रोथ हॉर्मोन दिवसभर सारखं सोडत नाही, ते उसळ्या मारत सोडतं आणि सगळ्यात मोठी उसळी झोप लागल्यावर पहिल्या गाढ झोपेत येते. त्याच्याशी जुळावं म्हणून संध्याकाळ-रात्रीची वेळ. आणि आपण मात्र इंजेक्शनपायी त्याची झोपच घालवून बसलोय.

तेव्हा पहिलं काम, उद्यापासून झोपेत द्यायचं बंद. तो जागा असताना द्यायचं, आणि झोपायच्या अगदी तोंडावरही नको. जेवण झालं, साडेआठ वाजले की देऊन मोकळं व्हायचं. कातडीखाली दिलेलं हे औषध हळूहळू रक्तात उतरतं, त्याचा जोर यायला काही तास जातात, त्यामुळे साडेआठला दिलं काय आणि पावणेदहाला दिलं काय, काही बिघडत नाही. घड्याळाच्या ठोक्यालाच द्यायला पाहिजे असा तुझा समज असेल तर तो सोड. रोज साधारण त्याच वेळेला, संध्याकाळ ते झोपेपर्यंत कधीही, एवढं पुरे. इंजेक्शन झाल्यावर तासभर त्याला खेळू दे, टीव्ही बघू दे, म्हणजे टोचणं आणि अंथरूण या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात वेगळ्या होतील. लगेच नाही होणार, दोन-तीन आठवडे धर, आणि या काळात तो रात्री खात्री करायला उठेल, तुला विचारेल आता नाही ना टोचणार. नाही म्हणालीस की अजिबात नाही. एक दिवस जरी शब्द मोडलास तर पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं काम, त्याला खरं सांगायचं. ताकदीचं इंजेक्शन हे मला अजिबात पटलं नाही. त्याला वाटत असेल आपण अशक्त आहोत, किंवा काहीतरी मोठा आजार आहे आणि घरचे लपवतायत, कारण ताकदीसाठी कोणी रोज टोचत नाही हे चौथीतल्या पोराला कळतं. पुण्याच्या वाऱ्या, एमआरआयचं ते आवाज करणारं मशीन, रक्त काढायला तासन्‌तास बसवून ठेवलेलं, हे सगळं बघितलंय त्याने. साध्या भाषेत सांग, "तुझ्या डोक्यात मटारच्या दाण्याएवढी एक ग्रंथी आहे, ती उंची वाढवायचं औषध बनवते, तुझी थोडं कमी बनवते, म्हणून तेवढं आपण बाहेरून भरतो. तू आजारी नाहीस. तुझी काही चूक नाही. हे बरीच वर्षं चालेल." शेवटचं वाक्य गाळू नकोस. पोरं विचारतात किती दिवस, आणि आपण म्हणतो थोडेच दिवस रे बाळा, आणि महिन्याने ती आपल्यावर विश्वास ठेवायचं बंद करतात.

आणि त्याला फुटबॉल आवडत असेल तर मेस्सीचं सांग, त्यालाही लहानपणी अर्जेंटिनात हीच कमतरता निघाली होती आणि तो रोज रात्री स्वतःच्या पायात इंजेक्शन घ्यायचा. पण हे सांगताना "बघ तो कुठे पोचला" असं जोडू नकोस हां, पोराने फक्त उंच व्हायचंय, वर्ल्डकप नाही आणायचाय.

आता द्यायची पद्धत, कारण मला शंका आहे की दुखण्याचं अर्धं कारण तिथे आहे. तू पेन फ्रीजमधून काढून थेट टोचत असशील, हो ना? गार औषध जास्त झोंबतं. जेवायला बसताना पेन बाहेर काढून ठेव, पंधरा-वीस मिनिटांत त्याची थंडी जाते. गरम पाण्यात वगैरे धरू नकोस. हात साबणाने धुवायचे, औषध पारदर्शक आहे का बघायचं, गढूळ दिसलं किंवा आत काही तरंगताना दिसलं तर वापरायचं नाही. जोरजोरात हलवायचंही नाही, हे प्रथिन आहे, हलवल्याने खराब होतं. सुई दर वेळी नवी, इथे काटकसर नको, एकदा वापरलेल्या सुईचं टोक बोथट होतं आणि पुढच्या वेळी तेच जास्त दुखतं. नवी सुई लावल्यावर पेनच्या पुस्तिकेत दिलंय तसं एकदा हवेत थेंब काढून बघायचा, टोकावर थेंब दिसला म्हणजे औषध येतंय. स्पिरिटने पुसलं असेल तर कातडी पूर्ण वाळू दे, ओल्या स्पिरिटवर टोचलं की जी आग होते ती सुईची नसतेच. चार-पाच मिलिमीटरची छोटी सुई असेल तर सरळ उभी टोचायची, मांडी फार किडकिडीत असेल तर दोन बोटांनी हलकीशी चिमूट धरायची. बटण पूर्ण दाबायचं आणि मग लगेच सुई काढायची नाही, सावकाश दहा आकडे मोजायचे. घाईत ओढली की कातडीवर थेंब राहतो, तो त्याच्या डोसातलाच असतो. नंतर चोळायचं नाही. आणि सुई पेनला तशीच लावून फ्रीजमध्ये ठेवायची नाही, हवा आत जाते, औषध गळतं.

जागा रोज बदलायची. डावी मांडी, उजवी मांडी, समोरून पण जरा बाहेरच्या बाजूला, पोट (बेंबीपासून चार बोटं लांब), कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग. बारीक मुलांना पोटावर चरबी नसते, त्यांना मांडी आणि कुल्ला बरा पडतो. झोपेत देताना तुला जो पाय वर असेल त्याच पायात, त्याच जागी द्यावं लागत असणार. एकाच जागी महिनोन्महिने टोचलं की तिथे गाठ येते नाहीतर खड्डा पडतो आणि मग औषध नीट शोषलं जात नाही. भिंतीवर महालक्ष्मीचं नाहीतर कालनिर्णय कॅलेंडर असेलच, त्यात तारखेच्या चौकटीत डा, उ असं त्यालाच लिहायला लाव.

यात त्याला काय काय करता येईल बघ. घ्यायचं की नाही हे तो ठरवणार नाही, ते ठरलेलं आहे, त्यावर रोज वाटाघाटी करायच्या नाहीत. पण आज कोणता पाय, कॉटवर की झोपाळ्यावर, आकडे कोण मोजणार, डोसचा आकडा कोण फिरवणार (तू तपासून घ्यायचास), हे त्याचं. मग काही महिन्यांनी सुई तू टोचायची आणि बटण त्याने दाबायचं. या वयाची बरीच मुलं वर्षभरात स्वतःचं स्वतः घ्यायला लागतात, मोठ्या माणसाने शेजारी बसून आकडा बघायचा तेवढा. ओपीडीत एक मुलगी यायची, आईला हात लावू द्यायची नाही, पेन घेऊन स्वतः टोचायची आणि आई तोंड फिरवून बसायची. रडणं एकदम थांबणार नाही, पण हातपाय धरून, दोन जणांनी दाबून धरून द्यायचं मात्र नाही. दोन मिनिटं थांब, बर्फाचा खडा रुमालात गुंडाळून जागेवर धर, मग दे. आणि तुझा स्वतःचा हात थरथरतो का? लिहिलं नाहीस पण वाटलं मला. मिस्टरांच्या सकाळच्या शिफ्टच्या आठवड्यात ते रात्री घरी असतात ना, त्या आठवड्यात त्यांनी द्यायचं. त्यांनाही शिकव. बरीच वर्षं चालणारी गोष्ट एकाच माणसाच्या हातावर ठेवायची नाही, तुला ताप आला, माहेरी जायचं झालं तर काय? पेन बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या सिस्टर असतात, त्या घरी येऊन किंवा व्हिडिओ कॉलवर पुन्हा शिकवतात, डॉक्टरांकडे नंबर माग. लाजू नकोस, त्यांचं कामच ते आहे.

राहिलेला डोस. डबल दिलं नाहीस ना? छान केलंस. कधीच द्यायचं नाही, एक दिवस गेला तर गेला, दुसऱ्या दिवशी नेहमीचाच डोस नेहमीच्या वेळी. रात्री विसरलीस आणि सकाळी सातला आठवलं तर काय करायचं, याबद्दल डॉक्टरांची पद्धत वेगवेगळी असते, तुझ्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घे आणि फ्रीजला चिकटव. काही डॉक्टर तर मुद्दामच आठवड्याचा डोस सहा दिवसांत वाटून एक दिवस सुट्टी देतात, तेही विचारायला हरकत नाही, मुलांना त्या सुट्टीचं फार अप्रूप असतं. पण स्वतःच्या मनाने सुट्टी नको, नाहीतर रविवारची सुट्टी बुधवारी पण येते. महिन्यात एखादा डोस हुकला तर आभाळ कोसळत नाही, पण आठवड्यातून दोन-तीन हुकायला लागले की उंचीत फरक दिसतो.

फ्रीज. औषधाला २ ते ८ डिग्री लागतं. पेन दारात ठेवायचं नाही, दार उघडझाप करून तिथलं तापमान हलत राहतं, आणि फ्रीझरच्या खालच्या ट्रेमध्ये तर मुळीच नाही. जुन्या सिंगल डोअर फ्रीजमध्ये त्या ट्रेत पाण्याची बाटली गोठते, पेनही गोठेल, आणि एकदा गोठलेलं औषध वितळून साफ दिसलं तरी फेकून द्यायचं. मधल्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात, मागच्या भिंतीला न टेकवता. लाईट गेली तर फ्रीज उघडू नकोस, बंद फ्रीज साधारण चार तास तरी गार राहतो. त्याहून जास्त वेळ गेली तर आपल्या पेनच्या पुस्तिकेत बघ, कारण हे कंपनीप्रमाणे बदलतं. काही पेनं २५ डिग्रीच्या आत काही दिवस बाहेर चालतात, काही अजिबात नाही, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये घरातच ३५ असतं त्यामुळे बाहेर चालतं म्हणजे आपल्याकडे चालतं असं समजू नकोस. उघडलेलं पेन किती दिवसांत संपवायचं तेही त्यातच असतं, बऱ्याच पेनांचं २८ दिवस असतं, पहिल्यांदा वापरलं ती तारीख पेनच्या डब्यावर मार्करने टाक.

जत्रेला जा. खुशाल जा. मोठ्या तोंडाचा थर्मास किंवा औषधं न्यायची गार पिशवी घे, बर्फाचे पॅक टॉवेलमध्ये गुंडाळून, पेन बर्फाला थेट टेकलं नाही पाहिजे. एसटीत ती पिशवी मांडीवर, डिकीत किंवा टपावर नाही, गाडी असेल तर उन्हात उभ्या गाडीत सोडायची नाही. गावी ज्यांच्या घरी फ्रीज आहे त्यांना आधी फोन करून सांग. माठाजवळ ठेवू का असं मला नेहमी विचारतात, माठाजवळ ८ डिग्री होत नाही गं. सुया मोजून दोन-चार जास्तीच्या ने. आणि पालखीच्या रात्री सगळे बाहेर असणार, त्या दिवशी निघायच्या आधी साडेसातला देऊन टाक, चालतं.

जत्रेत अजून एक होईल, चुलत भावंडं बघतील. त्याने काय सांगायचं हे त्याच्यासोबत बसून आधी ठरवा. "माझं वाढीचं औषध आहे" एवढं एक वाक्य पुरतं. त्याला सांगायचंच नसेल तर दार लावून द्या, ते चालेल, पण ते त्याच्या मनाप्रमाणे. आपल्याला लाज वाटते म्हणून नको.

आता सासूबाई. त्यांची हेटाळणी करू नकोस, कारण त्या जे म्हणतायत ते पूर्ण खोटं नाहीये. उशिरा वाढणारी मुलं असतात, बऱ्याचदा बापाचीही तीच गोष्ट असते, मिसरूड उशिरा, उंची उशिरा, आणि शेवटी व्यवस्थित होतात. अशा मुलांना इंजेक्शन लागत नाही, नुसती वाट बघायची. पण ती मुलं बुटकी असली तरी वाढत राहतात, या वयात वर्षाला पाचेक सेंमीच्या आसपास. तुझा साडेतीनवर अडकलाय. शिवाय डॉक्टरांनी नुसती उंची बघून सुरू केलेलं नाही. डाव्या हाताच्या एक्सरेवरून हाडांचं वय काढतात, थायरॉइड आणि गव्हाच्या ॲलर्जीसारखा सीलिअ‍ॅक आजार नाही ना ते बघतात, कारण त्यांनीही वाढ खुंटते आणि त्यावर इलाज वेगळाच असतो. आणि हॉर्मोन उसळ्या मारत सुटत असल्यामुळे सकाळी एकदा रक्त काढून काही कळत नाही, म्हणून औषध देऊन ग्रंथीला डिवचायचं आणि थोड्या थोड्या वेळाने रक्त घ्यायचं. तो तासन्‌तास बसला होता तो त्यासाठी. सासूबाईंना पुढच्या वेळी पुण्याला सोबत ने. खरंच ने. डॉक्टरांना सांग की बाबांचं वाढीचं असं असं होतं, आणि ग्रोथ चार्टवरचे त्याचे ठिपके त्यांना दाखवायला सांग. सून सांगते ते वेगळं आणि डॉक्टर तक्त्यावर बोट ठेवून सांगतात ते वेगळं, आपल्या घरांत असंच असतं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

हॉर्मोन म्हणजे मुलगा लवकर वयात येईल, पुढे मूल होणार नाही अशी भीती त्यांना असेल तर ते वेगळे हॉर्मोन. हे लैंगिक हॉर्मोन नाही, जे त्याच्या शरीरात कमी बनतंय तेच प्रयोगशाळेत बनवून दिलेलं आहे. कोणी नेटवर वाचून सांगेल की या इंजेक्शनने मेंदूचा भयंकर आजार होतो. त्यालाही मूळ आहे, पूर्वी हे हॉर्मोन मृत माणसांच्या ग्रंथीतून काढायचे आणि त्यातून काही जणांना तसा आजार झाला, ते अमेरिकेत १९८५ साली बंद झालं. त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलेलं आलं आणि आता मिळतं ते तेच.

मोठेपणी सुरू करू, यावर मात्र मी तुझ्याशी भांडणार. हाडांच्या टोकाला वाढीच्या पट्ट्या असतात, वयात आल्यावर त्या हळूहळू बुजतात, आणि एकदा बुजल्या की कितीही महागडं इंजेक्शन दे, एक सेंटिमीटर वाढणार नाही. समज येईल तेव्हा वेळ निघून गेलेली असेल. ओपीडीत सगळ्यात वाईट कुणाचं वाटायचं सांगू, सतरा-अठरा वर्षांची मुलं यायची, पोलीस भरतीला दोन सेंमी कमी पडतायत म्हणून, आणि एक्सरेत हाडं बंद. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगते, मूल वर्षभरात चार-साडेचार सेंमीपेक्षा कमी वाढत असेल तर उंचीच्या पावडरी आणि लटकायच्या दांड्या यात दोन वर्षं घालवू नका, आधी बालरोग डॉक्टरांकडून तक्त्यावर उंची मांडून घ्या. मुलींचं तर "मुलगी आहे, बुटकी असली तर काय" म्हणून सोडून देतात, टर्नर सिंड्रोम नावाचा प्रकार फक्त मुलींमध्येच असतो आणि बुटकेपण हे कधी कधी त्याचं एकच बाहेर दिसणारं लक्षण असतं. आणि उलटही, ज्यांचं मूल नीट वाढतंय, आईबाप पाच फूट आहेत आणि मूल त्याच मापात आहे, त्यांनी नुसतं उंच दिसावं म्हणून हे इंजेक्शन मागत फिरू नये.

खर्चाचं तू लिहिलं नाहीस, पण डोस वजनावर असतो म्हणजे पोर वाढेल तसं बिल वाढणार. साधारण किलोमागे दिवसाला ०.०२५ ते ०.०३५ मिलिग्रॅम धरतात, तुझ्या २१ किलोच्या मुलाला ते दिवसाला अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम होतं, तो ३५ किलोचा झाला की किती ते तूच काढ. पैसे कमी पडले की लोक दिवसाआड द्यायला लागतात आणि डॉक्टरांना सांगत नाहीत. तसं करू नका. सरळ सांगा, परवडत नाही. स्वस्तातल्या कंपन्या असतात, पेनऐवजी पावडरची बाटली आणि सिरिंज असा प्रकार असतो. पण बदल केला तर नव्याने शिकून घ्यायचं, कारण बाटलीवर मिलिग्रॅम आणि युनिट दोन्ही असतात (१ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट) आणि इन्शुलिनच्या सिरिंजवरच्या रेघा या इन्शुलिनच्या युनिटच्या असतात, ग्रोथ हॉर्मोनच्या नाहीत. इथे घोळ झालेले मी बघितलेत. कोणत्या रेघेपर्यंत भरायचं ते त्या सिरिंजवरच मार्करने खूण करून घ्या. आठवड्यातून एकदाची इंजेक्शनं पण आता निघालीत, अमेरिकेत २०२१ मध्ये लहान मुलांसाठी पहिल्याला परवानगी मिळाली, नंतर आणखी आली. तुझ्या मुलाला ती जमतील का आणि परवडतील का, हे पुढच्या भेटीत विचार, पण त्याची वाट बघत आत्ताचं थांबवू नकोस.

लगेच डॉक्टरांना फोन करायचा तो कधी, एवढं लक्षात ठेव. खूप डोकं दुखतंय, सोबत उलट्या किंवा अंधुक दिसतंय. तो लंगडायला लागला, किंवा मांडीच्या सांध्यात नाहीतर गुडघ्यात दुखतंय म्हणाला, याला खेळताना लागलं असेल म्हणून सोडायचं नाही. सारखी तहान, सारखी लघवी. टोचल्या जागी थोडी लाली, बारीकसा काळानिळा डाग हे चालायचंच.

आणि दर रविवारी दाराच्या चौकटीला उभं करून मापू नकोस. पोराला वाटतं आपली परीक्षा चाललीये. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे मापतील तेवढं पुरे. पहिल्या वर्षात अशा मुलांची वाढ चांगली उसळते, आठ-दहा सेंमी बऱ्याचदा होतात, दुसऱ्या वर्षापासून वेग थोडा कमी होतो, तेव्हा औषध लागू पडायचं बंद झालं असं समजून घाबरू नकोस. भूक वाढेल, चपला आखूड होतील, शाळेची पँट वर्षाच्या मध्येच बदलावी लागेल.

वापरलेल्या सुया घंटागाडीत टाकत असशील तर ते बंद कर, कचरा उचलणाऱ्यांच्या हाताला लागतात. फिनेलची जाड रिकामी बाटली घे, त्यात टाकत जा, वर चिठ्ठी लाव, मुलांच्या हाताला येणार नाही अशी वर ठेव, आणि पुण्याला तपासणीला जाशील तेव्हा ती बाटली आणि ते कॅलेंडर दोन्ही सोबत ने, बाटली हॉस्पिटलच्या सुयांच्या डब्यात जाईल आणि कॅलेंडर डॉक्टरांना दाखव, किती डोस हुकले ते लपवू नकोस, पुढचा डोस ठरवताना ते त्यांना लागतं.